जर, तर आणि नाईतं

प्रिय अनुप,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू दचकला असशील, म्हणून आधी खुशाली. आम्ही दोघं बरे आहोत. बाबांचा गुडघा जुनंच गाणं गातो आहे, आणि मागच्या अंगणातल्या पालकाकडे त्यांचं माझ्यापेक्षा जास्त लक्ष आहे. पिपरीत आपल्या गल्लीच्या टोकापर्यंत सिमेंटचा रस्ता झाला, त्यामुळे दूधवाला आता दारापर्यंत येतो आणि उशिरा येण्यासाठी त्याला नवीन कारण शोधावं लागतं. थंडी यंदा चांगली पडली आहे. टेबल व्हरांड्यातल्या उन्हात ओढून लिहायला बसले आहे. ऊन सरकलं की मी सरकते.

पत्र का, फोन का नाही, असं तू विचारशील. फोनवर माझं वाक्य पूर्ण होण्याआधी तुझं उत्तर तयार असतं, आणि मग मी माझं वाक्य गिळून तुझ्या उत्तरालाच हो म्हणते. कागदाला ती घाई नसते. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये दर शनिवारी सिस्टर आम्हाला पत्र लिहायला बसवायच्या. पत्राचं कारण पहिल्या परिच्छेदात यायला हवं आणि माया शेवटच्या, हा त्यांचा नियम. मी आयुष्यभर तो पाळला, अगदी प्राचार्यांना रजेचा अर्ज लिहितानाही. आज मात्र उलटं करणार आहे. कारण शेवटी येईल. तोवर तुला वाचावं लागेल.

गेल्या आठवड्यात तू म्हणालास, ‘आई, सरळ आहे. जर दोघं वाहक, तर लग्न नाही. विषय संपला.’ गुंजनचा रिपोर्ट येऊन दोन दिवससुद्धा झाले नव्हते. ती पण आपल्यासारखीच सिकलसेलची वाहक निघाली, हे तू मला ज्या आवाजात सांगितलंस, तो आवाज मी ओळखते. शाळेत नापास झालेली मुलं तसं बोलतात, ‘काही विशेष नाही’ म्हणतात आणि चपला घालायला लागतात. मी तेव्हा ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. तू बरोबर होतास म्हणून नव्हे. तुझं वाक्य अर्धवट आहे एवढंच मला जाणवलं, पण त्यात काय राहिलं ते लगेच सापडेना.

हे जर-तर या घरात तुझ्या ताईनं, मेघानं आणलं, तुला आठवत असेल. तिचं बी.सी.ए. सुरू होतं, आणि शेजारच्या सदाशिवरावांच्या मुलानं नवीन कॉम्प्युटर घेतला तेव्हा त्याचा जुना आपल्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसला. मग आपण जमिनीवर बसून जेवायला लागलो आणि बाबा म्हणाले, ‘पाहुण्याले खुर्ची, घरच्यायले सतरंजी.’ तू आठवीत होतास. मेघा तुला शिकवायची आणि आजी पलंगावरून ऐकायची. इफ म्हणजे जर, देन म्हणजे तर, व्हाइल म्हणजे जोवर-तोवर. एल्स म्हणजे काय ते सांगताना मेघा अडली. ‘नाहीतर’ म्हणाली. आजीला तिकडून ऐकू आलं. ‘म्हंजे नाईतं,’ आजी म्हणाली, ‘तं तसंच सांग ना व. जर पाणी आलं तर पेरा, नाईतं बसा. त्याच्यासाठी कालेजात काऊन जा लागते?’ त्या दिवसापासून आपल्या घरात एल्सला कोणी एल्स म्हटलं नाही. तू मोठमोठ्या कंपन्यांचं काम करतोस, तरी मनात अजून ‘नाईतं’च म्हणत असशील असं मला वाटतं.

मी जीवशास्त्र शिकवायचे, मेघा कॉम्प्युटर शिकायची. संध्याकाळी भाजी निवडताना आमचा एक खेळ चालायचा. मी पेशीतलं काहीतरी सांगायचं आणि तिनं ते प्रोग्राममध्ये शोधायचं. तू बाहेर खेळायला पळायचास, म्हणून तुला त्यातलं थोडंच माहीत आहे. मी सांगितलं, डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला लांबलचक मजकूर आहे, तीन-तीन अक्षरांचा एक शब्द. एक ठरावीक शब्द आला की वाचायला सुरुवात करायची, आणि तीन शब्द असे आहेत की त्यांतला कुठलाही आला की थांबायचं. ती म्हणाली, बिगिन आणि एंड. मी सांगितलं, सगळा मजकूर शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत पूर्ण असतो. डोळ्याच्या पेशीत यकृताचा असतो, यकृताच्या पेशीत डोळ्याचा. तरी यकृताला डोळे फुटत नाहीत, कारण कुठला भाग कुठे वाचायचा याच्या अटी त्यातच लिहिलेल्या असतात. अमुक रसायन जवळ असेल तर हा उतारा वाच, नसेल तर सोडून दे. वर्गात मी हे वर्षानुवर्षं शिकवलं होतं, पण मेघा जेव्हा हातातली मेथीची जुडी खाली ठेवून म्हणाली, ‘म्हणजे आई, आपण सगळे अटींचेच बनलोय,’ तेव्हा मला वाटलं, मी हे आज पहिल्यांदा ऐकते आहे.

तिला सगळ्यात आवडायची ती तिचीच चूक, तिच्या सिकलसेलची. चूक हा तिचाच शब्द. रक्तातलं हिमोग्लोबिन कसं बनवायचं त्या उताऱ्यात, अगदी सुरुवातीला, एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर आलेलं. बाकी सगळं शुद्ध. मी वर्गात त्याला छपाईचा दोष म्हणायचे. मेघानं मला दुरुस्त केलं. ‘सिंटॅक्स एरर असती तर प्रोग्राम चाललाच नसता, आई. माझा चालतो. फक्त कधीकधी उत्तर चुकतं.’ लॉजिकल एरर म्हणतात त्याला, असं तिनं सांगितलं, आणि ती सापडायला सगळ्यात अवघड असते. सापडली नव्हतीच आम्हालाही. पहिले सहा महिने तू तिला बघायला हवं होतंस. गोल गोल हात, मांडीला वळ्या. पोटातल्या बाळासाठी वेगळं हिमोग्लोबिन असतं, त्याचा वेगळा उतारा असतो, आणि तो शुद्ध असतो. जन्मानंतर हळूहळू तो बंद होतो आणि मोठ्यांचा सुरू होतो. मेघाच्या बाबतीत शुद्ध उतारा बंद झाला आणि चुकलेला उघडला. एका हिवाळ्यात तिच्या हाताची बोटं सुजली. आम्हाला वाटलं, विंचू चावला.

ते बंद होणं म्हणजे खोडणं नाही, हे मी तिला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा कसा झाला होता ते अजून डोळ्यांसमोर आहे. बाळपणीचा उतारा जिथल्या तिथे असतो, म्हातारपणापर्यंत. फक्त वाचू नका अशी खूण केलेली असते. ‘कमेंट करून ठेवलाय,’ ती म्हणाली. तुम्ही लोक नको असलेली ओळ पुसत नाही, तिच्या आधी खूण घालता आणि मशीन तिच्यावरून पुढे जातं, तसा. नंतर डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. त्या गोळ्या ती खूण थोडी पुसट करतात आणि बाळपणीचं हिमोग्लोबिन पुन्हा थोडं बनायला लागतं. मेघा गोळी जिभेवर ठेवायची आणि म्हणायची, ‘चला, लहान होऊ या.’ त्यानंतरच्या दोन हिवाळ्यांत तिचं दुखणं खरंच कमी झालं. आता तर त्या खुणेवरच घाव घालणारे उपचार निघाले आहेत असं मी वाचते, फार महाग, फार लांब. वाचून झालं की वर्तमानपत्र मी दोनदा घडी घालून ठेवते.

तिचं सगळंच हसून झालं असं मी लिहिणार नाही. जोवर थंडी, ताप किंवा पाण्याची कमतरता, तोवर पेशी विळ्यासारख्या वाकणार आणि वाटेत अडकून बसणार. ते जोवर-तोवर आपण तिघांनी तिच्या पलंगाच्या तीन बाजूंना बसून पाहिलं आहे. चौथ्या बाजूला भिंत होती. तू तिच्या पायांवर गरम पाण्याची पिशवी धरून बसायचास आणि पिशवी गार झाली तरी तुला उठायचं सुचायचं नाही. ती गेली तेव्हा तू दहावीत होतास. त्यानंतर तू रडलास की नाही ते मला माहीत नाही. तू गणितात पैकीच्या पैकी मार्क आणलेस.

आमच्या सिस्टर भेटायला आल्या होत्या, तेव्हा फार म्हाताऱ्या झाल्या होत्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, देवाची योजना असते, दीपमाला. मी त्यांना उलट बोलले नाही, त्यांचा हात तेव्हा मला हवाच होता. आजी मात्र नशीब म्हणाली नाही. लहान असताना, छप्पन साली, नागपूरला बापाच्या खांद्यावर बसून तिनं दीक्षा घेतली होती, आणि नशीब हा शब्द तिकडेच ठेवून आले, असं ती सांगायची. विहारात भंतेजी जे सांगत, ते तिला पाठ होतं. हे आहे म्हणून ते आहे, हे थांबलं की ते थांबतं. मला त्या दिवसांत एवढंच पचत होतं. त्यात कोणाची योजना नव्हती, कोणाचा राग नव्हता. आणि मेघाला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, बघ, भंतेजी पण जर-तरच सांगतात.

आता आजीच्या टोपलीबद्दल. हे तू घरात इतक्यांदा ऐकलं आहेस की ते तुला तुझ्या जन्माच्या दाखल्यासारखं वाटत असेल. मेघा पाच वर्षांची असताना सेवाग्रामला तिचं रक्त तपासलं आणि आजार कळला. मग आमचंही तपासलं, आणि आम्ही दोघंही वाहक आहोत हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. डॉक्टरांनी बाबांना समजावलं की दोघं वाहक असले की चारात एक मूल आजारी निघू शकतं. बाबांनी ते घरी येऊन आजीला सांगितलं. आजी तेव्हा बोरगावात दारोदार वांगी विकायची. तिनं क्षणभर विचार केला आणि निकाल दिला. ‘म्हंजे चारातलं एक सडकं. ते निंघून गेलं. आता बाकीचे तीन चांगलेच हायेत. टोपलीतून सडकं वांगं काढलं का बाकीचे चांगलेच राह्यते ना.’ आणि मग तू झालास. तू खरंच चांगला निघालास, वाहक, पण धडधाकट. आजीनं गल्लीभर पेढे वाटले आणि प्रत्येकाला टोपलीचा हिशोब सांगितला. प्रेमदासकाका अजूनही तुला ‘टोपलीतलं दुसरं वांगं’ म्हणतात ते त्यावरूनच.

आजी चुकली होती, हे तुला सांगायची गरज नाही. टोपली दर वेळी नव्याने भरते. आधीच्या खेपेला काय निघालं ते तिला आठवत नाही. पहिलं मूल आजारी निघालं म्हणून दुसऱ्याचं नशीब उजळत नाही, आणि चार मुलं झाली तर चारही चांगली निघू शकतात, चारही आजारी निघू शकतात. नंतर मी वर्गात दर वर्षी हेच विचारायचे, आणि दर वर्षी अर्धा वर्ग आजीचं उत्तर द्यायचा. आपल्या भागात हा आजार घरोघरी आहे, अमरावती-नागपूरपर्यंत पसरलेला, आणि घरोघरी कोणीतरी आजीसारखा हिशोब मांडून बसलेलं असतं.

एका उन्हाळ्याच्या दुपारी मेघानं आजीसाठी एक प्रोग्राम लिहिला, तो तुला आठवत असेल, कारण एंटर दाबायचं काम तुझं होतं. आईकडून एक अक्षर, बाबांकडून एक अक्षर, कुठलं ते मशीननं मनाला येईल तसं उचलायचं, आणि पडद्यावर एकेका घरातली मुलं छापून यायची. बरं, वाहक, वाहक, आजारी. कूलरची घरघर, टेबलावर कलिंगडाच्या फोडी. आजीनं विचारलं, ‘त्या डब्ब्यात काय करून राह्यली व?’ मेघा म्हणाली, ‘लेकरं पैदा करून राह्यली, आजी.’ ‘बापा, एवढे? खायले कोन देईन त्यायले?’ तू हसून हसून खुर्चीवरून पडायला आला होतास. मग एक घर असं आलं की पहिली दोन्ही मुलं आजारी. आजी चष्मा पुसून पुढे सरकली. ‘हे काऊन असं? एक निंघालं होतं ना?’ मेघानं तिला टोपलीचं समजावलं. ‘आजी, टोपली दर बारीले नवी भरते व.’ आणि तेवढ्यात लाइट गेली. तेव्हा दुपारचं लोडशेडिंग होतं. प्रोग्राम सेव्ह केलेला नव्हता, तो गेला. कूलर थांबला आणि तू बॅट घेऊन बाहेर पळालास. त्यानंतर घरात जे बोलणं झालं ते तू ऐकलं नाहीस. त्याच्याकडे मी येतेच आहे.

परवा गुंजन आली होती. तुला सांगू नका असं ती म्हणाली नाही, म्हणून सांगते. समुद्रपूरहून ऑफिसच्या कामानं वर्ध्याला आली होती आणि येताना जामच्या चौरस्त्यावरून, तिच्या वडिलांच्या भोजनालयातून, तुरीच्या शेंगांची पिशवी घेऊन आली. रूपरावजींनी निरोप पाठवला होता, ‘सोले संक्रांतीच्या आधीचे हायेत, गोड हायेत, भात करजा.’ सोयरीक मोडली तरी शेंगा पाठवणारा माणूस आहे तो. आम्ही दोघी इथेच व्हरांड्यात शेंगा सोलत बसलो. मुलीचे हात चटचट चालतात, आणि ती सोलता सोलता सोल्यांचे हिरवे दाणे खाते, मेघासारखी. बाबा पालकाला पाणी घालायच्या निमित्तानं तीनदा इकडून गेले आणि तिसऱ्यांदा म्हणाले, ‘खा बेटा, सोलासाठी आमी दोघं हावोतच.’ ती हसली. मग खाली बघूनच तिनं विचारलं, ‘काकू, तुम्ही मला खरं सांगाल?’

ती काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत सांगते, कारण तू ते तिच्याकडून ऐकलंस पण मला सांगितलं नाहीस. ती म्हणाली, ‘मी अनुपला म्हटलं की लग्न वेगळं आणि मूल वेगळं. तिसऱ्या महिन्यात पोटातल्या बाळाची तपासणी होते. नाहीतर मूल दत्तक घेता येतं. नाहीतर नसलं तरी चालतं. माझी तयारी आहे, कशाचीही. तर तो म्हणाला, हे सगळं मला माहीत आहे, पण आईनं एकदा बघितलंय. तिला पुन्हा त्या रांगेत उभं करणार नाही, रिपोर्टची वाट बघतसुद्धा नाही.’ मग तिनं माझ्याकडे पाहिलं. ‘तुमच्यासाठी असेल तर मी काही बोलणार नाही, काकू. फक्त तुमच्यासाठी आहे का, तेवढं मला कळू द्या.’

 मी तिला जेवून जा म्हटलं, ती जेवली, भांडी घासायला लागली तेव्हा मी तिला उठवलं. बसस्टँडपर्यंत बाबा सोडून आले, आणि आल्यावर दारातच मला म्हणाले, ‘अवो, पोट्टी चांगली हाय. पोट्ट्याले सांगा काही.’ बाबा एवढं कधी बोलत नाहीत. म्हणून आज टेबल उन्हात ओढलं.

अनुप, तुझ्या वाक्यात एक नाही, दोन अटी आहेत, आणि तू त्या एका ओळीत कोंबल्या आहेस. लग्न करायचं की नाही ही बाहेरची अट. मूल हवं की नको, हवं तर कसं, तपासून की दत्तक, ही आतली. आतल्या अटीचं उत्तर दोघांनी मिळून द्यायचं असतं, आणि त्यासाठी आधी दोघं व्हावं लागतं. तू आतलं उत्तर एकट्यानं देऊन बाहेरचं दार लावून घेतलंस. आणि त्या अटीत माझं नाव घातलंस. मला त्रास होईल का? होईल. तुमच्या घरी कधी रिपोर्टची वाट बघायची वेळ आली तर माझी झोप पुन्हा उडेल, मी खोटं लिहिणार नाही. तुम्ही दोघं जे ठरवाल, अगदी ते बाळ नको असंही ठरवलंत, तरी मी तुमच्या बाजूला उभी असेन. चौथ्या बाजूला आता भिंत नाही, पलंग मी केव्हाच मधोमध घेतला आहे. पण माझा त्रास हा माझा उतारा आहे. तो तू वाचून दाखवायचा नाहीस.

आता ते कारण, जे सिस्टरांच्या नियमाप्रमाणे वर यायला हवं होतं. आजीला टोपलीचा हिशोब खरा वाटत होता, बाबांनाही कदाचित वाटत असेल. मला कसा वाटेल? तेव्हाही मी हेच शिकवत होते. तू पोटात होतास तेव्हा मला पक्कं माहीत होतं की टोपली नव्याने भरली आहे, मेघाच्या वेळी जेवढा धोका होता तेवढाच आताही आहे, एका दाण्यानंही कमी नाही. तपासणी तेव्हा आपल्यापर्यंत पोचली नव्हती. घरात सगळे निश्चिंत होते, मी एकटी जागी होते. आणि तरी मला तू हवा होतास. तू सुरक्षित हिशोबातून जन्मलास असं तुला आजवर वाटत आलं असेल, तर ते तसं नव्हतं. त्या दुपारी लाइट गेल्यावर मेघा हे समजली. आजीचा डोळा लागला होता. मेघा अंधारल्या पडद्याकडे बघत बसली होती, मग माझ्याकडे वळली आणि म्हणाली, ‘म्हणजे आई, अनुपच्या वेळी तुला माहीत होतं.’ मी हो म्हटलं. मला वाटलं, ती म्हणेल, मला बघूनसुद्धा? तिला तो हक्क होता, घरात सगळ्यात जास्त तिलाच होता.  बाहेर तू कोणाशी तरी आउट की नॉटआउट यावरून भांडत होतास, तुझा आवाज गल्लीभर होता. तिनं कलिंगडाची तुझ्या वाटणीची फोड उचलली, हसली, आणि हुबेहूब आजीच्या आवाजात म्हणाली, ‘बरं केलं. नाईतं मी कोनाले छळलं असतं?’ तुझ्या वाक्यात राहिलं होतं ते हेच ‘नाईतं’, अनुप. जरनंतर मी तिथेच थांबले असते तर आज या पाकिटावर लिहायला मला पत्ता नसता. गुंजननं मला खरं विचारलं होतं, तिला हे उत्तर तू सांग. सोले मी फ्रीजमध्ये ठेवले आहेत. भात तुम्ही दोघं याल तेव्हाच करीन.

उन्हाबरोबर सरकत आता भिंतीशी आलेली,
तुझीच
आई